रविवारचा उतारा, सोमवारचं काम

मत्तयाच्या शुभवर्तमानात सातव्या अध्यायाच्या शेवटी येशू दोन घरांची गोष्ट सांगतो. एका माणसानं खडकावर घर बांधलं, दुसऱ्यानं वाळूवर. पाऊस आला, पूर आला, वारा सुटला आणि दोन्ही घरांवर सारखाच आदळला. पहिलं घर उभं राहिलं, दुसरं कोसळलं. संडे स्कूलमध्ये अगदी लहान मुलांना हातवारे करून शिकवली जाणारी ही गोष्ट. कोल्हापुरात मात्र ती मोठ्यांनाही थांबून ऐकावी लागते. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा 2021 च्या जुलैमध्ये राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेचं पाणी 55 फुटांच्या वर गेलं होतं. तिथली धोका पातळी 43 फूट आहे. या शहरातल्या कितीतरी कुटुंबांनी घरात शिरलेलं पाणी पाहिलं आहे, चिखल उपसला आहे, भिंतीतली ओल महिनोन्‌महिने सोसली आहे. पुराची निळी रेषा कुठून जाते आणि लाल रेषा कुठून, हे इथं जागा घेताना लोक विचारून घेतात.

ही गोष्ट सांगितली कुठे गेली, हेही पाहायला हवं. मत्तयाचे पाचवा, सहावा आणि सातवा असे तीन अध्याय म्हणजे डोंगरावरील प्रवचन. राग, वैर, लग्न, शपथ, दान, प्रार्थना, पैसा, उद्याची काळजी, दुसऱ्याचे दोष काढण्याची सवय अशा रोजच्या गोष्टींवर येशू बोलतो आणि सगळं बोलून झाल्यावर ही गोष्ट सांगतो. म्हणजे दोन्ही घरमालकांनी प्रवचन ऐकलेलं आहे. एकानं ऐकलं आणि तसं केलं; दुसऱ्यानं ऐकलं आणि सोडून दिलं. कोरड्या दिवसांत दोन्ही घरं बाहेरून सारखीच दिसतात.

दर आठवड्याला पवित्र शास्त्रातला एक उतारा घ्यायचा, तो मंडळीत ऐकायचा, घरी पुन्हा वाचायचा आणि त्यावर मनन करायचं, ही रीत कोल्हापूरच्या ख्रिस्ती घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. बाहेरून पाहणाऱ्याला ती केवळ धार्मिक शिस्त वाटेल. माझ्या मते तिचा गाभा त्या दोन घरांच्या गोष्टीत आहे. रविवारी उतारा फक्त ऐकू येतो. त्याचा अर्थ पुढच्या सहा दिवसांत, कामाच्या जागी, स्वयंपाकघरात, पगाराच्या दिवशी, भांडणाच्या वेळी कळत जातो. शनिवारपर्यंत ज्या उताऱ्यानं आपल्या वागण्यातली एकही गोष्ट हलवली नाही, तो अजून वाचायचाच राहिला आहे.

उताऱ्याचा आठवडा

रविवारच्या भक्तीत शास्त्रपाठ होतो आणि त्यावर पाळकांचा उपदेश. हा पाठ ठरवण्याच्या दोन पद्धती आहेत. कॅथलिक आणि अँग्लिकन वळणाच्या मंडळ्यांत वाचनांचं वेळापत्रक असतं. 1969 च्या आगमनकाळापासून कॅथलिक चर्चनं रविवारच्या वाचनांचं तीन वर्षांचं चक्र स्वीकारलं. पहिल्या वर्षी मत्तय, दुसऱ्या वर्षी मार्क, तिसऱ्या वर्षी लूक. योहानाचे उतारे तिन्ही वर्षांत, विशेषतः उपवासकाळ आणि पुनरुत्थानाच्या दिवसांत येतात. सोबत जुन्या करारातला एक भाग, एक स्तोत्र आणि पत्रांपैकी एक उतारा. पुढे अनेक प्रोटेस्टंट मंडळ्यांनीही याच धर्तीचं चक्र घेतलं. प्रेस्बिटेरियन वळणाच्या मंडळ्यांत पाळक स्वतः उतारा निवडतात आणि पुष्कळदा एखादं पुस्तक पहिल्या अध्यायापासून क्रमानं घेतात.

दोन्ही पद्धतींचा एक फायदा सारखा आहे. वाचणाऱ्याला आवडेल तेवढंच वाचता येत नाही. सोयीच्या उताऱ्यांबरोबर गैरसोयीचेही समोर येतात. भावाशी बोलणं बंद असलेल्या आठवड्यातच क्षमेचा उतारा येतो आणि त्याला बगल देता येत नाही.

मग येते आठवड्यातली घरगुती प्रार्थनासभा. एखाद्या कुटुंबाच्या बैठकीच्या खोलीत, खुर्च्या भिंतीला लावून, सतरंजीवर मंडळी बसतात. पेटी असली तर पेटी, नाहीतर नुसत्या टाळ्या. ‘उपासना संगीत’मधलं गीत होतं, कुणी उभं राहून प्रार्थना करतं आणि उतारा मोठ्यानं वाचला जातो. शाळकरी मुलीनं वाचला, तर पुढच्या वेळी तिच्या आजीनं. ज्यांना डोळ्यांनी नीट दिसत नाही ते ऐकतात, आणि ऐकता ऐकता पुढचं वाक्य त्यांच्याच ओठांवर आधी येतं. त्यानंतर बोलणं. या उताऱ्यात देवाबद्दल काय कळतं? माणसाबद्दल काय कळतं? आणि या आठवड्यात मी काय करायचं? तिसऱ्या प्रश्नाशी आलं की खोलीतला आवाज उतरतो, कारण तिथं पाठांतर कामाला येत नाही.

जगभर या मननाला वेगवेगळे आकार मिळाले आहेत. बाराव्या शतकात दुसरा गिगो या फ्रान्समधल्या कार्थुझियन मठवासी धर्मगुरूनं वाचन, मनन, प्रार्थना आणि ईश्वरचिंतन अशा चार पायऱ्या लिहून ठेवल्या. जर्मनीतल्या हेर्नहूट गावात मोरेव्हियन मंडळीनं 1728 मध्ये रोज एक वचन घरोघर पोहोचवायला सुरुवात केली आणि 1731 पासून अशा वचनांचं वार्षिक पुस्तक छापलं. ते आजही निघतं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं 1965 मध्ये सर्वसामान्य श्रद्धावंतांनी स्वतः बायबल वाचावं, असा आग्रह धरला. दक्षिण आफ्रिकेतल्या लुम्को संस्थेनं शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या लहान गटांसाठी सात पायऱ्यांची रीत तयार केली आणि ती भारतातल्या कॅथलिक वस्त्यांतही रुजली. त्या रीतीत सहावी पायरी महत्त्वाची: देव आपल्याकडून कोणतं काम मागतो आहे, हे गटानं मिळून ठरवायचं. कुणी काय करायचं आणि कधी, तेही तिथंच बोलायचं.

1852 नंतरचं कोल्हापूर

मराठीत रविवारचं ख्रिस्ती वाचन चारशे वर्षांहून जुनं आहे. इंग्लंडमधून गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी दहा हजारांहून अधिक ओव्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ रचलं आणि 1616 मध्ये ते रायतूरला छापलं गेलं. घरातल्या पुराणांची सवय असलेल्या नवख्रिस्ती मंडळींना मराठीतच काहीतरी ऐकायला हवं, ही त्यामागची निकड. गोव्यातल्या चर्चमधून ते वाचलं जाई. बंगालमध्ये श्रीरामपूरला विल्यम कॅरी यांनी पंडित वैजनाथ यांच्या मदतीनं मत्तयाचं शुभवर्तमान 1805 मध्ये आणि नवा करार 1811 मध्ये मराठीत आणला. अमेरिकन मिशनचे लोक 1813 मध्ये मुंबईत आले आणि त्यांचं काम पुढे अहमदनगरला रुजलं. तिथं 1842 मध्ये ‘ज्ञानोदय’ सुरू झालं आणि शास्त्रातल्या उताऱ्यांवर मराठीत लिहिण्याची वाट रुळली. बेळगावचे बाबा पदमनजी यांनी याच वाटेवर पुढे पुष्कळ लिहिलं.

कोल्हापुरात हे काम 1852 मध्ये आलं. रॉयल गुल्ड वायल्डर आणि त्यांच्या पत्नी एलायझा हे अमेरिकन दांपत्य आधी अहमदनगरला होतं. तिथून ते कोल्हापूरला आलं. शाळांवर वायल्डर यांचा फार भर होता आणि त्यापायी त्यांचे आपल्याच मिशनच्या वरिष्ठांशी तीव्र मतभेद झाले. 1870 मध्ये कोल्हापूरचं मिशन अमेरिकन प्रेस्बिटेरियन मंडळाकडे गेलं. वायल्डर यांचा मुलगा रॉबर्ट 1863 मध्ये याच कोल्हापुरात जन्मला आणि पुढे अमेरिकेत विद्यार्थ्यांच्या एका मोठ्या मिशनरी चळवळीचा पाया त्यानं घातला. आज वायल्डर मेमोरियल चर्च ते नाव जपून आहे. आयर्विन ख्रिश्चन हायस्कूल, एस्तेर पॅटन हायस्कूल, मेरी वानलेस रुग्णालय ही नावं कोल्हापूरच्या कुठल्याही धर्माच्या माणसाला ओळखीची आहेत. शाहू महाराजांच्या प्रोत्साहनानं शहरात वेगवेगळ्या समाजांची जी वसतिगृहं उभी राहिली, त्यांत ख्रिस्ती विद्यार्थ्यांचंही होतं.

चर्चजवळ शाळा असण्याला कारण होतं. ज्याला शास्त्र स्वतः वाचायचं आहे, त्याला अक्षर यायला हवं. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या पाटीला हात लावू दिला नव्हता, अशा अनेक घरांत आलेलं पहिलं पुस्तक नवा करार होतं आणि घरात पहिल्यांदा मोठ्यानं वाचणारा आवाज पुष्कळदा मुलीचा होता. घरगुती प्रार्थनासभेत वाचनाची पाळी सगळ्यांकडे फिरते, त्यामागे हा इतिहास आहे. वाचायची संधी ज्यांना उशिरा मिळाली, त्यांनी ती कुणा एकाच्या हाती राहू दिली नाही.

तीन वाचक

उतारा माणसाच्या आयुष्यात कसा उतरतो, याचे मराठीतले तीन दाखले मला फार मोलाचे वाटतात.

पहिला रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा. 1893 मध्ये राजनांदगावच्या वाटेवर आगगाडीत एका अनोळखी युरोपियन प्रवाशाशी त्यांचं बोलणं झालं. विषय संस्कृत कवितेचा होता. उतरताना त्या गृहस्थानं नव्या कराराची प्रत हाती दिली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असं भाकीत केलं. टिळकांना ते पटलं नाही, पण पुस्तक वाचायचं त्यांनी कबूल केलं होतं. वाचता वाचता ते डोंगरावरील प्रवचनाशी आले आणि ते तीन अध्याय त्यांना सोडवेनात. बऱ्याच प्रश्नांची उत्तरं आपल्याला तिथं सापडली, असं त्यांनी पुढे सांगितलं. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण वाचन तिथं संपलं नाही. ख्रिस्ती मंडळीची उपासना मराठी मातीत रुजावी म्हणून त्यांनी अभंग आणि भजनं लिहिली. 1917 मध्ये त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभा केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथं ख्रिस्ताचे अनुयायी म्हणून सारखी जागा होती. शत्रूवरही प्रीती करा असं सांगणारा उतारा ज्यानं मन लावून वाचला, त्याला आपलं घर आणि आपली मंडळी कुंपण घालून ठेवता आली नाही.

दुसरा दाखला लक्ष्मीबाई टिळकांचा. पतीच्या धर्मांतरानं त्यांचं आयुष्य दुभंगलं होतं. पुढे एकत्र राहायला आल्यावरही त्यांनी आपलं सोवळं, आपली चूल वेगळी ठेवली. ‘स्मृतिचित्रे’मध्ये त्यांनी स्वतःच्या मनाचा पालट फार साधेपणानं लिहिला आहे. जाती कुणी केल्या, या एका प्रश्नाचा त्या विचार करत राहिल्या. देवानं तर माणूस निर्माण केला. मग ही उतरंड कुणाची? विचार पुरता झाला आणि त्यांनी ठरवलं, यापुढे कुणाच्याही हातचं खायचं, कुणाच्याही हातचं प्यायचं. ठरवलं तसं केलंही. त्यांचा बाप्तिस्मा त्यानंतर झाला. त्या वेळी त्यांच्यासमोर कुठला वेळापत्रकातला उतारा नव्हता. पण ज्याला मनन म्हणतात ते हेच. एका प्रश्नापाशी थांबायचं, त्याचं उत्तर मिळेपर्यंत हलायचं नाही आणि उत्तर मिळालं की पाण्याच्या पेल्यापासून सुरुवात करायची.

तिसरा दाखला पंडिता रमाबाईंचा. इंग्लंडमध्ये असताना फुलहॅम इथल्या एका आश्रयगृहात त्यांनी वाट चुकलेल्या, समाजानं टाकलेल्या स्त्रियांची मायेनं काळजी घेतली जाताना पाहिली. या स्त्रियांसाठी इतकं का करता, असं त्यांनी विचारलं. उत्तरादाखल तिथल्या धर्मभगिनीनं योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय पुढे ठेवला. विहिरीवर भर दुपारी एकटी पाणी भरायला आलेली शोमरोनी बाई. पाच नवऱ्यांचा इतिहास मागे असलेली, परक्या जमातीची. येशू तिच्याकडे पाणी मागतो आणि तिच्याशी धर्माच्या सर्वांत खोल गोष्टी बोलतो. हा उतारा आपल्या निर्णयात किती मोलाचा ठरला, ते रमाबाईंनी पुढे लिहून ठेवलं. 29 सप्टेंबर 1883 रोजी वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. उताऱ्याची खरी फोड मात्र केडगावला झाली. 1896–97 च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो मुली आणि बायका आणून वाचवल्या. तिथल्या त्यांच्या मुक्तिमिशनमध्ये ‘कृपासदन’ उभं राहिलं, ते समाजानं दूर लोटलेल्या स्त्रियांसाठी. आणि खेड्यातल्या बाईला कळेल अशा सोप्या मराठीत सगळं बायबल आणण्यासाठी त्या वयाच्या उत्तरार्धात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. आश्रमातल्या बायकांनीच खिळे जुळवून ते छापलं. 5 एप्रिल 1922 ला रमाबाई गेल्या, तेव्हा भाषांतराचं काम पुरं झालं होतं.

तिघांनी वाचलं ते आजही दर आठवड्याला वाचलं जाणारंच आहे. त्यांच्यापाशी वेगळं पुस्तक नव्हतं. वाचून झाल्यावर त्यांनी पुढचं पाऊल टाकलं.

उतारा आणि मजुरी

मत्तयाच्या विसाव्या अध्यायात द्राक्षमळ्याच्या मालकाची गोष्ट आहे. मालक पहाटे मजूर लावतो, दिवसाचा एक दिनार ठरवतो. पुन्हा नऊ वाजता, बारा वाजता, तीन वाजता जाऊन आणखी माणसं आणतो. पाच वाजता तो पाहतो, तर काही जण अजून उभेच. का उभे आहात, असं विचारल्यावर ते म्हणतात की आम्हाला कुणी कामाला लावलंच नाही. संध्याकाळी सगळ्यांना एक एक दिनार मिळतो आणि पहाटे आलेले कुरकुरतात.

सकाळी नाक्यावर उभं राहणाऱ्या गवंड्याला, बिगाऱ्याला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. दहा वाजून गेले आणि कुणी बोलावलं नाही, तर दिवस बुडाला. पोटाला मात्र अर्ध्या दिवसाची भूक लागत नाही. दिनार म्हणजे एका घराचा एका दिवसाचा खर्च. मालक कामाचे तास मोजत नाही, घरातली तोंडं मोजतो. आणि मजुरी संध्याकाळीच का दिली? मोशेच्या नियमशास्त्रात स्पष्ट आज्ञा आहे की गरीब मजुराचे पैसे सूर्य मावळायच्या आत द्यावेत, कारण त्याचा जीव त्यांच्यावर टांगलेला असतो. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात तर शेत कापणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी स्वतःच देवाकडे ओरडते.

ऊसपट्ट्यात हे शब्द वाचताना मुकादम, उचल, टोळी, कोयता हे सगळं डोळ्यांसमोर उभं राहतं. हंगामाला येणारी जोडपी, पालातली मुलं, हिशेबाच्या वेळी निघणारी फिरती उचल. शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत काम करणारा तरुण हा उतारा ऐकतो तेव्हा त्याला ओव्हरटाइम आठवतो. पण प्रत्येक घरात कुणीतरी मालकही असतं. धुणंभांड्याला येणाऱ्या मावशींचा पगार एक तारखेला गेला का? रंगाऱ्याचे उरलेले हजार रुपये ‘बघू पुढच्या आठवड्यात’ म्हणून राहिलेत का? उतारा इथं थेट बोट ठेवतो. रविवारी तो ऐकला आणि सोमवारी थकलेले पैसे दिले, तर मनन झालं.

रूथची गोष्टही अशीच. मवाब देशाची, नवरा गेलेली, सासूबरोबर परक्या गावी आलेली रूथ बवाजाच्या शेतात सरवा वेचायला जाते. शेताचे कोपरे कापू नका, पडलेलं कणीस परत उचलू नका, ते गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू द्या, असा नियम लेवीय पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात आहे. बवाज त्याहून पुढे जातो. पेंढ्यांतली काही कणसं मुद्दाम टाका, असं तो गड्यांना सांगतो. उसाच्या फडात वाढ्यांवर तोडणाऱ्यांचा हक्क असतो हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या नियमाची किंमत कळते. आपल्या उत्पन्नाचा शेवटचा दाणाही आपलाच, असं न मानणं ही श्रद्धेची गोष्ट आहे. हंगामाच्या अर्पणाच्या रविवारी ही गोष्ट वाचली जाते तेव्हा वेदीपुढे ठेवलेल्या भोपळ्या-कणसांइतकाच महत्त्वाचा प्रश्न हा असतो की यंदा आपण कोपरा किती सोडला.

लूकच्या दहाव्या अध्यायानं तर या भागाला आकारच दिला आहे. यरीहोच्या वाटेवर लुटला गेलेला माणूस, त्याला टाळून गेलेले धर्माचे अधिकारी आणि थांबलेला शोमरोनी. तो जखमा बांधतो, आपल्या जनावरावर बसवतो, उतारशाळेत नेतो, दोन दिनार देतो आणि अधिक खर्च झाला तर परतताना भरीन असं सांगतो. डॉक्टर विल्यम वानलेस यांनी 1894 मध्ये मिरजेत उघडलेलं रुग्णालय आणि पुढे कोल्हापुरातलं मेरी वानलेस रुग्णालय या गोष्टीची बांधीव रूपं आहेत. मराठी ख्रिस्ती घरांतल्या किती लेकी परिचारिका झाल्या! रात्रपाळीत बेवारस म्हणून दाखल झालेल्या माणसाचं अंथरूण बदलणाऱ्या बाईला या गोष्टीवर वेगळं प्रवचन लागत नाही. उलट तिनंच बोलावं आणि बाकीच्यांनी ऐकावं.

आणि याच अध्यायात, लगेच पुढे, मार्था आणि मरीया येतात. मार्था पाहुण्यांच्या सरबराईत गुंतलेली, मरीया येशूच्या पायाशी बसून ऐकणारी. येशू मरीयेची बाजू घेतो. लूकनं एकीकडे धावून जाणारा शोमरोनी आणि दुसरीकडे बसून ऐकणारी मरीया शेजारी शेजारी ठेवली, कारण नुसती धावपळ माणसाला कोरडी करते आणि नुसतं ऐकणं पोकळ. घरगुती सभेत हा उतारा वाचताना स्वयंपाकघराकडे एकदा पाहावं. उतारा चालू असताना चहा कोण करतंय? दर वेळी त्याच बायका असतील, तर मरीयेची जागा त्यांना मिळालेली नाही. पुढच्या सभेला पुरुषांनी पातेलं चढवावं आणि त्यांनी पुढे बसावं. या एका कृतीत त्या उताऱ्याचं अर्धं विवेचन आहे.

भिंतीवरचं वचन

वर्षअखेरच्या रात्रीच्या भक्तीत नव्या वर्षासाठी एक वचन घेण्याची पद्धत अनेक मंडळ्यांत आहे. दिवाणखान्यात वचनाचं कॅलेंडर असतं, दारावर वचनाची पाटी असते. संकटात एकच ओळ माणसाला धरून ठेवते, हे मी मान्य करतो. पण वचन उताऱ्यापासून तोडलं की ते आपल्या मनासारखं बोलू लागतं.

फिलिप्पैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायातलं सामर्थ्याचं वचन घ्या. परीक्षेच्या आणि स्पर्धेच्या दिवसांत ते मुलांना दिलं जातं. पौलानं ते तुरुंगातून लिहिलं आहे. आधीच्या ओळींत तो सांगतो की भरपूर असताना कसं राहावं आणि उपाशी असताना कसं राहावं, हे दोन्ही मी शिकलो आहे. म्हणजे ते सामर्थ्य जिंकण्याइतकंच टिकून राहण्याचं आहे. मूल नापास झालं तरी ते वचन त्याला सोडत नाही. पण हे त्याला कुणीतरी वेळेवर सांगायला हवं.

यिर्मयाच्या एकोणतिसाव्या अध्यायातलं आशेचं वचन याहूनही अधिक घरांत लावलेलं असतं. देवाच्या मनात आपल्या भल्याच्या योजना आहेत, असा त्याचा आशय. मूळ पत्र बाबेलला बंदी करून नेलेल्या यरुशलेमकरांना लिहिलेलं आहे. त्या काळी यरुशलेमात एक संदेष्टा दोन वर्षांत सुटका होईल असं सांगत होता. यिर्मया कळवतो की सत्तर वर्षं लागतील. तोवर घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा. आणि ज्या शहरात नेलं आहे त्या शहराचं हित पाहा, त्याच्यासाठी प्रार्थना करा, कारण त्याच्या कल्याणातच तुमचं कल्याण आहे. पाटीवर आशेची ओळ येते. शहराची ओळ बहुतेक वेळा राहून जाते.

म्हणून साप्ताहिक मननाचा पहिला नियम साधा आहे: वचनाच्या मागचा आणि पुढचा भाग वाचायचा. कोण बोलतंय, कुणाशी, कुठल्या अडचणीत, हे विचारायचं. आज मोबाइलवर रोज सकाळी वचन येतं, सोबत फुलांचं चित्र येतं आणि ते वाचल्याबरोबर पुढे धाडलं जातं. तरुण मुलांना तेवढंच शास्त्र भेटत असेल, तर त्यांच्यावर रागावून उपयोग नाही. त्यांना पूर्ण अध्याय मोठ्यानं वाचायला द्यावा, प्रश्न विचारू द्यावेत, मतभेद मांडू द्यावेत. उत्तर ठाऊक नसेल तर पाळकांनीही पुढच्या आठवड्याची मुदत घ्यावी. स्तोत्रांची कितीतरी पानं प्रश्नांनी आणि तक्रारींनी भरली आहेत. आपल्या सभेत त्यांना मज्जाव करण्याचं कारण नाही.

शहराचं हित

ख्रिस्ती नसलेल्या वाचकाला ही सगळी रीत परकी वाटू नये. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं टिळक म्हणत. अहमदनगरकडच्या मंडळ्यांनी कीर्तनाचा साज स्वीकारला आणि कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी तो फुलवला. वसईत ‘सुवार्ता’मधून फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी वर्षानुवर्षं शास्त्राचं चिंतन सर्व मराठी वाचकांसमोर मांडलं आणि पुढे ‘सुबोध बायबल’ दिलं. ज्या भाषेत ओवी, अभंग आणि पारायण आहे, त्या भाषेत मिळून मोठ्यानं वाचणं आणि वाचलेलं जगून पाहणं कुणालाच शिकवावं लागत नाही.

कोल्हापुरात ख्रिस्ती माणसं संख्येनं थोडी आहेत. थोड्यांना दोन मोह असतात: आपल्यातच मिटून राहण्याचा किंवा सगळ्यांसारखे होऊन विरून जाण्याचा. यिर्मयाचं पत्र तिसरी वाट दाखवतं. आपला विश्वास जपा आणि या शहराच्या भल्यासाठी राबा. पुराच्या वेळी शाळेचे वर्ग उघडून देणं, आजाऱ्याजवळ रात्र काढणं, पेठेतल्या व्यवहारात वजन-माप आणि शब्द चोख ठेवणं, शेजाऱ्याच्या सणात मनापासून सामील होणं, ज्याच्या बाजूनं कुणी बोलत नाही त्याच्या बाजूनं उभं राहणं. यातलं काहीच उपदेशपीठावरून होत नाही. त्यासाठी आठवड्याचे सहा दिवस दिलेले आहेत.

ज्यांना ही रीत नव्यानं सुरू करायची आहे, त्यांनी मत्तयाच्या पाचव्या अध्यायापासून करावी. एका आठवड्याला दहा-बारा ओळी पुरे. एकट्यानं वाचू नये. निदान एक माणूस सोबत असावा, कारण स्वतःला सूट देण्यात आपण सगळेच हुशार असतो. शेवटी एक काम ठरवावं, ते इतकं ठरावीक असावं की शनिवारी झालं की नाही हे सांगता यावं. मग शनिवारी एकमेकांना विचारावं. ज्याची मजुरी वेळेवर मिळाली, ज्या म्हातारीच्या खोलीत कुणी तासभर बसलं, ज्या भावाशी पुन्हा बोलणं सुरू झालं, त्यांना त्या आठवड्याचा उतारा ठाऊकही नसेल. तो वाचला गेल्याचे साक्षीदार मात्र तेच आहेत.